एच-वन रजिस्टर, चिठ्ठी आणि तपासणी: औषध निरीक्षक नेमके काय जुळवून बघतात

प्रश्न थोडक्यात असा. नव्याने सुरू केलेल्या मेडिकलची तपासणी झाली. औषध निरीक्षकांनी तपासणी वहीत, म्हणजे फॉर्म ३५ मध्ये, ‘शेड्युल एच-वनच्या नोंदी अपूर्ण, विक्री बिलांवर फार्मासिस्टची सही नाही’ असा शेरा मारला आणि मागोमाग कारणे दाखवा नोटीस आली. शेड्युल एच-वन म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच द्यायच्या आणि वेगळ्या रजिस्टरमध्ये लिहायच्या औषधांची यादी. विचारणा चार गोष्टींची आहे: डॉक्टरांच्या चिठ्ठ्यांच्या झेरॉक्स ठेवाव्या लागतात का, व्हॉट्सॲपवरची चिठ्ठी चालते का, रेकॉर्ड किती वर्षे सांभाळायचे, आणि राहिलेल्या एच-वन नोंदी आता भरून काढल्या तर चालेल का.

शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो. नाही, भरू नका. औषध नियम, १९४५ मधल्या नियम ६५ मध्ये (पुढे नुसता ‘नियम’ म्हटले की याच नियमावलीतला) शब्द आहेत ‘पुरवठ्याच्या वेळी’. औषध काउंटरवरून गेले त्याच वेळी नोंद व्हायला हवी. महिनाभराच्या नोंदी एका बैठकीत लिहिल्या की त्या ओळखू येतात: एकच पेन, एकच दाब, कुठे खाडाखोड नाही, आणि फार्मासिस्ट गावी गेला होता त्या दिवशीही त्याचीच सही. शिवाय तपासणीच्या वेळी निरीक्षकांनी शेवटच्या नोंदीखाली सही करून तारीख टाकलेली असते किंवा पानाची प्रत नेलेली असते. अपूर्ण नोंद हा एक दोष असतो. नंतर भरलेली नोंद म्हणजे खोटे रेकॉर्ड, आणि त्याचे उत्तर देणे फार अवघड जाते. जिथे रिकामे राहिले आहे तिथे रिकामेच राहू द्या, आजपासून पुढे नीट लिहा आणि नोटिशीच्या उत्तरात तसे सरळ सांगा.

आता मूळ मुद्दा. बहुतेक नवीन दुकानदारांची समजूत असते की निरीक्षक रजिस्टर ‘बघतात’. रजिस्टर एकटे कोणी बघत नाही. होलसेलरकडून आलेला माल, रजिस्टर आणि बिलांमधून गेलेला माल, आणि शेल्फवर उरलेला माल, ही तीन टोके जुळवली जातात. समजा सेफिक्झाइम २०० मिलिग्रॅमच्या एका ब्रँडच्या ४० स्ट्रिप तीन महिन्यांत खरेदी बिलांवर दिसतात, सुरुवातीचा स्टॉक शून्य होता, एच-वन रजिस्टरमध्ये २२ स्ट्रिप गेल्याच्या नोंदी आहेत आणि ड्रॉवरमध्ये १३ निघाल्या. पाच स्ट्रिप गेल्या कुठे? त्या बिलाशिवाय विकल्या, चिठ्ठीशिवाय विकल्या, की तुटफुटीत गेल्या, याचा कागद तुमच्याकडे नसेल तर पहिले दोन अर्थ आपोआप काढले जातात. अल्प्राझोलाम, ट्रामाडोल, कोडीनचे सिरप अशा मालाच्या बाबतीत तर निरीक्षक अनेकदा होलसेलरच्या विक्रीची यादी हातात घेऊनच दुकानात येतात. तुमचे रजिस्टर उघडायच्या आधीच त्यांना आकडा माहीत असतो.

म्हणून मी खरेदी बिलांपासून सुरुवात करायला सांगतो, जरी प्रश्न विक्रीचा असला तरी. खरेदीची बिले, रोखीची असोत की उधारीची, आल्या क्रमाने लावायची आणि त्यांवर आपला स्वतःचा अनुक्रमांक टाकायचा, असे नियमातच आहे. बिलावर पुरवठादाराचे नाव, पत्ता, लायसन्स नंबर, औषध, प्रमाण, बॅच आणि उत्पादक असले पाहिजेत. होलसेलरच्या सेल्समनने बॅच न लिहिता दिलेली चिठोरी बिल म्हणून घेऊ नका. उद्या त्या बॅचचा नमुना अप्रमाणित निघाला आणि औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा १९४० च्या कलम १८-ए खाली माल कुठून घेतला हे विचारले गेले, तर ते चिठोरे तुम्हाला वाचवणार नाही.

आता विक्री. नियम ६५(३) प्रमाणे डॉक्टरांच्या चिठ्ठीवर दिलेल्या औषधाची नोंद प्रिस्क्रिप्शन रजिस्टरमध्ये करायची असते. त्यात अनुक्रमांक, तारीख, डॉक्टरांचे नाव-पत्ता, पेशंटचे नाव-पत्ता, औषध आणि प्रमाण, शेड्युल एच (चिठ्ठीवरच द्यायची औषधे) किंवा सी (लस, सीरम यांसारखी जैविक औषधे) मधले औषध असेल तर उत्पादक, बॅच आणि एक्स्पायरी, आणि शेवटी फार्मासिस्टची सही येते. औषध मूळ पॅकमधूनच देत असाल, म्हणजे दुकानात काही मिश्रण बनवत नसाल, तर हाच सगळा तपशील अनुक्रमांक असलेल्या कॅश किंवा क्रेडिट मेमो बुकात लिहिला तरी चालतो. आज जवळजवळ सगळी दुकाने हाच मार्ग वापरतात. मात्र हा पर्याय निवडल्याचे लायसन्सिंग अथॉरिटीला, म्हणजे परवाना देणाऱ्या अधिकाऱ्याला, लेखी कळवायचे असते, आणि हे पत्र अर्ध्याअधिक दुकानांच्या फायलीत सापडत नाही. नियमात आणखी एक गंमत आहे: कार्बन कॉपी वाचता येत नसेल तर अथॉरिटी तुम्हाला परत रजिस्टरच ठेवायला लावू शकते. कार्बन जाऊन थर्मल प्रिंटर आले, तरी रोग तोच. थर्मल कागदावरचे बिल काही महिन्यांत पांढरे होते. ऑफिस कॉपी थर्मलवर ठेवत असाल तर ते आजच बंद करा.

बिलावरच्या सहीचा शेरा तुम्हाला आला आहे, तो सर्रास येतो. सॉफ्टवेअर खाली फार्मासिस्टचे नाव छापते आणि दुकानदाराला वाटते काम झाले. छापील नाव म्हणजे सही नव्हे. शिवाय बिलावर वेळही छापलेली असते. दुपारी दोन ते पाच फार्मासिस्ट घरी जातो आणि त्याच वेळात शेड्युल एचची बिले निघतात, हे कोणीही दोन मिनिटांत काढू शकते. नियम ६५(२) आणि फार्मसी कायदा १९४८ चे कलम ४२, दोन्हींचा आग्रह एकच आहे: चिठ्ठीवरचे औषध फार्मासिस्टने स्वतः किंवा त्याच्या देखरेखीखाली द्यायचे. फार्मासिस्ट नसेल त्या वेळात चिठ्ठीवरचे औषध देणे थांबवावे लागते. धंद्याला ते जड जाते, मान्य, पण परवाना निलंबनाच्या आदेशांत हे कारण हमखास दिसते.

एच-वन हे यातले वेगळे आणि सोपे प्रकरण, तरी सगळ्यांत जास्त चुका इथेच होतात. ऑगस्ट २०१३ च्या अधिसूचनेने हे शेड्युल आले आणि १ मार्च २०१४ पासून लागू झाले. सुरुवातीला ४६ औषधे होती: तिसऱ्या-चौथ्या पिढीतली सेफॅलोस्पोरिन्स, कार्बापेनेम गट, काही फ्लुरोक्विनोलोन्स, क्षयरोगाची औषधे आणि सवय लावणारी काही औषधे. यांच्यासाठी स्वतंत्र रजिस्टर हवे. त्यात डॉक्टरांचे नाव-पत्ता, पेशंटचे नाव, औषधाचे नाव आणि दिलेले प्रमाण, एवढेच बंधनकारक आहे. मी यात बॅच, बिल नंबर आणि डॉक्टरांचा रजिस्ट्रेशन नंबर असे तीन रकाने स्वतःहून वाढवायला सांगतो. बिल नंबर असला की रजिस्टर आणि बिल एका नजरेत जुळतात, आणि निरीक्षकांचा अर्धा तास वाचतो. त्यांचा अर्धा तास वाचला की तुमचाही वाचतो.

चुका होतात त्या ‘एच-वन कोणते’ इथे. माणसे मोनो औषधे लक्षात ठेवतात, कॉम्बिनेशन्स विसरतात. सेफिक्झाइम आणि ओफ्लोक्सासिन एकत्र असलेली गोळी एच-वनमध्ये येते, कारण त्यात सेफिक्झाइम आहे. ट्रामाडोल-पॅरासिटामोल येते. पोटाच्या तक्रारीवर सर्रास लिहिल्या जाणाऱ्या ज्या गोळ्यांत क्लोरडायाझेपॉक्साइड असते त्या येतात. जुलाबावरचे डायफेनॉक्सिलेट येते, आणि हे तर हातात मागितले की हातात दिले जाते. शेड्युलच्या खालची टीप नीट वाचली तर आणखी एक गोष्ट कळते: बाहेरून लावायच्या औषधांना सूट आहे, पण डोळा, कान आणि नाकाच्या औषधांना ती नाही. मॉक्सिफ्लोक्सासिनचे डोळ्यांचे ड्रॉप्स म्हणूनच एच-वन ठरतात. उलट बाजूने, ॲझिथ्रोमायसिन किंवा अमॉक्सिसिलिन एच-वनमध्ये नाहीत, तरी कित्येक दुकानांत सगळीच अँटिबायोटिक्स घाबरून त्या रजिस्टरमध्ये लिहिलेली दिसतात. ती शेड्युल एच आहेत. त्यांना चिठ्ठी लागते, बिल लागते, वेगळे रजिस्टर लागत नाही. जास्त लिहिल्याने कोणी दंड करत नाही, पण गर्दीच्या वेळी हात भरून येतो आणि नेमके लिहायचे ते राहते.

सॉफ्टवेअरवर विसंबून असाल तर आयटम मास्टर, म्हणजे त्यातली औषधांची मूळ यादी, उघडून एकदा तपासा. नवीन ब्रँड घालताना कोणी तरी ‘एच’ टाकले आणि तो ‘एच-वन’ आहे, असे झाले की तो ब्रँड रिपोर्टमध्ये कधीच येत नाही. रजिस्टर पूर्ण दिसते आणि खरेदीशी जुळत नाही. पाकिटावर लाल चौकटीत छापलेली एच-वनची सूचना ही सगळ्यांत सोपी खूण आहे. माल लावणाऱ्या मुलालाच ती बघायला शिकवा. रजिस्टर कॉम्प्युटरवर ठेवत असाल तर दर महिन्याची प्रिंट काढून, पान नंबर टाकून, फार्मासिस्टच्या सहीने फाइल करा. तपासणीच्या दिवशी वीज नसते किंवा सर्व्हर बंद असतो.

चिठ्ठीबद्दल. नियम ६५(१०) प्रमाणे चिठ्ठी लेखी हवी, तिच्यावर डॉक्टरांची सही आणि तारीख हवी, पेशंटचे नाव-पत्ता हवा, औषधाचे एकूण प्रमाण आणि डोस हवा. जनावराचे औषध असेल तर मालकाचे नाव-पत्ता. प्रत्यक्षात पेशंटचा पत्ता शंभरातल्या फार थोड्या चिठ्ठ्यांवर असतो. तो तुम्ही विचारून बिलावर लिहा, चिठ्ठीवर स्वतःच्या अक्षरात काही भरू नका. डॉक्टरांच्या सहीच्या वर आपल्या दुकानाचे नाव, पत्ता आणि दिल्याची तारीख लिहायची असते. त्यासाठी एक शिक्का करून घ्या आणि त्यात तारखेसोबत ‘दिलेले प्रमाण’ अशी रिकामी जागा ठेवा. दहा गोळ्या लिहिल्या आहेत आणि पेशंटने सहाच घेतल्या, तर सहा लिहा. उरलेल्या चार तो दुसरीकडून घेऊ शकतो आणि तुमचा हिशेबही सरळ राहतो.

झेरॉक्स ठेवाव्या लागतात का? शेड्युल एच आणि एच-वनसाठी चिठ्ठी किंवा तिची प्रत ठेवून घेण्याचे बंधन नाही. चिठ्ठी पेशंटची आहे. शेड्युल एक्स मात्र वेगळे: तिथे चिठ्ठी दोन प्रतींत लागते, एक प्रत तुम्ही दोन वर्षे ठेवायची, माल कुलपात ठेवायचा आणि लायसन्सही वेगळे, फॉर्म २०-एफ मधले. केटामाइन, मिथाइलफेनिडेट यांसारखी औषधे त्यात येतात. साध्या दुकानाने त्या वाटेला न गेलेलेच बरे. तरी ट्रामाडोल, अल्प्राझोलाम आणि गर्भपाताच्या गोळ्या यांच्या बाबतीत मी चिठ्ठीची प्रत ठेवायला सांगतो, नियम म्हणून नाही, स्वतःच्या बचावासाठी. खोट्या चिठ्ठ्या याच औषधांच्या येतात. एकाच हस्ताक्षरात, एकाच दवाखान्याच्या नावाने, दर पाच दिवसांनी वेगळा पेशंट आला तर डॉक्टरांना फोन करा आणि फोन केल्याची वेळ प्रतीवर लिहून ठेवा.

व्हॉट्सॲप. मार्च २०२० च्या टेलिमेडिसिन मार्गदर्शक सूचनांप्रमाणे डॉक्टर सही केलेल्या चिठ्ठीचा फोटो, स्कॅन किंवा ई-प्रिस्क्रिप्शन पेशंटला मेसेजवर पाठवू शकतात, आणि पेशंटची स्पष्ट संमती असेल तर थेट फार्मसीलाही. म्हणून फोटो आहे एवढ्याच कारणाने चिठ्ठी बाद होत नाही. पण त्याच सूचनांत शेड्युल एक्स आणि एनडीपीएस कायद्याखालची अमली आणि मनोव्यापारी औषधे प्रतिबंधित यादीत आहेत. ट्रामाडोल २०१८ पासून एनडीपीएसखाली आहे. फोनवरच्या सल्ल्यानंतर आलेल्या फोटोवर अल्प्राझोलाम किंवा ट्रामाडोल देऊ नका. आणि ‘डॉक्टर म्हणाले, देऊन टाका’ हा मेसेज म्हणजे चिठ्ठी नव्हे, तो डॉक्टरांच्याच नंबरवरून आला असला तरी. फोटोची खरी अडचण अशी की तो दहा दुकानांत चालतो, कारण त्यावर शिक्का मारता येत नाही. प्रिंट काढा, शिक्का मारा, फाइल करा.

दोन नियम असे आहेत की जे सगळे मोडतात, आणि मोडतोय हे बहुतेकांना माहीत नसते. पहिला, नियम ६५(११): शेड्युल एचची चिठ्ठी एकदाच वापरायची, डॉक्टरांनी पुन्हा देण्याचे लिहिले नसेल तर. रक्तदाब-मधुमेहाचे पेशंट दोन-दोन वर्षे जुनी, घडीवर फाटलेली चिठ्ठी घेऊन येतात आणि आपण देतो. औषध नाकारून पेशंटचे औषध बंद पाडणे मलाही पटत नाही. उपाय डॉक्टरांकडे आहे: ‘सहा महिने, दरमहा’ असे एक वाक्य त्यांनी लिहिले की तुम्ही मोकळे. जवळच्या दवाखान्यांशी एकदा बोलून ही सवय लावून घेता येते. अशी चिठ्ठी पुन्हा आली की नव्या नोंदीत आधीच्या नोंदीचा संदर्भ, तारीख आणि प्रमाण लिहिले तरी पुरते, सगळा तपशील पुन्हा लिहायची गरज नाही.

दुसरा, नियम ६५(११-ए): शेड्युल एच किंवा एक्सच्या चिठ्ठीवर लिहिले आहे त्याऐवजी दुसरे काही द्यायचे नाही, घटक तोच असला तरी. चिठ्ठीवर एक ब्रँड, बिलावर दुसरा, हे फायलीत दिसले की शेरा ठरलेला. पेशंट स्वस्त मागतो आणि मागणी रास्त असते, पण बदल डॉक्टरांनी करायचा. डॉक्टर जेनेरिक नावानेच लिहीत असतील तर हा प्रश्नच उरत नाही.

क्षयरोगाची औषधे विकत असाल तर आणखी एक काम आहे. मार्च २०१८ च्या केंद्रीय अधिसूचनेप्रमाणे ही औषधे देणाऱ्या दुकानांनीही पेशंटची माहिती जिल्ह्याच्या क्षयरोग यंत्रणेला कळवायची असते. रिफाम्पिसिन, आयसोनियाझिड, इथाम्ब्युटॉल, पायराझिनामाइड ही चारही एच-वनमध्येच असल्याने रजिस्टर नीट असेल तर ही यादी दहा मिनिटांत निघते.

रेकॉर्डच्या वर्षांबद्दल: सर्वसाधारण नोंदी शेवटच्या नोंदीपासून किमान दोन वर्षे, एच-वन रजिस्टर तीन वर्षे. पण खरेदी-विक्रीची बिले दोन वर्षांनी रद्दीत घालू नका, कारण जीएसटी कायद्याची मुदत वार्षिक विवरणाच्या देय तारखेपासून ७२ महिने आहे. औषध प्रशासनाचे समाधान झाले आणि कर खात्यासमोर हात रिकामे, असे व्हायला नको.

एक्स्पायरीचा माल परतीसाठी ठेवता येतो, पण विक्रीच्या मालापासून वेगळा, बंद खोक्यात, वर ‘विक्रीसाठी नाही’ असे ठळक लिहून. त्याची यादी आणि परतीचे क्रेडिट नोट त्या खोक्याजवळच्या फाइलमध्ये असू द्या. वर सांगितलेल्या पाच स्ट्रिप बऱ्याचदा इथेच सापडतात: माल होलसेलरकडे परत गेला, क्रेडिट आले, स्टॉकमधून वजा झालाच नाही. स्ट्रिप कापून देताना बॅच-एक्स्पायरीचा तुकडा शेवटपर्यंत दुकानात राहील असे कापा. तो आधी गेला तर उरलेल्या गोळ्यांची ओळखच राहत नाही.

दर महिन्याला एकदा, शटर ओढल्यावर, एच-वनमधली पाच-सहा औषधे निवडा आणि खरेदी, विक्री, शिल्लक जुळवून बघा. फरक निघाला तर त्याच दिवशी कारण शोधा आणि तारखेसह टिपण लिहून सही करा. असे टिपण तपासणीत दाखवता येते, आणि ते महिन्यामागून महिने सलग असले तर निरीक्षकांचा दृष्टिकोनच बदलतो.

आता तुमच्या नोटिशीकडे. मुदत नोटिशीतच लिहिलेली असते, ती चुकवू नका. उत्तर मुद्द्यागणिक द्या, ज्या क्रमाने दोष लिहिले आहेत त्याच क्रमाने. ‘आमचा पहिलाच प्रसंग आहे, दया व्हावी’ या दोन ओळींच्या उत्तराने काही साधत नाही. ज्या एच-वन विक्रीची बिले आहेत पण रजिस्टरमध्ये नोंद नाही, त्या बिलांची यादी करून प्रती जोडा. त्याने निदान बेहिशेबी विक्रीचा संशय जातो आणि उरतो तो नोंदीचा दोष. ज्यांची बिलेही नाहीत तिथे तसे कबूल करा. नवीन रजिस्टरच्या पहिल्या पानांच्या, फार्मासिस्टच्या सहीच्या बिलांच्या आणि मेमो बुकाच्या पर्यायाबद्दलच्या पत्राच्या प्रती लावा. कलम २८-ए खाली रेकॉर्ड न ठेवण्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा किमान २०,००० रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे हे लक्षात ठेवून लिहा, पण घाबरून वकिली भाषेत लिहू नका.

नियम ६६ खाली निलंबन किंवा रद्दचा आदेश निघालाच तर आदेशाच्या तारखेपासून तीन महिन्यांच्या आत राज्य शासनाकडे अपील करता येते. निलंबनाच्या काळात खरेदी-विक्री दोन्ही बंद ठेवावी लागते, म्हणून आदेश हातात पडण्याआधीच जवळच्या होलसेलर्सच्या ऑर्डर थांबवा. उत्तर देताना दोन प्रती न्या, आवक क्रमांक आणि शिक्का दुसऱ्या प्रतीवर घ्या, आणि ती प्रत फॉर्म ३५ च्या वहीतच, शेऱ्याच्या पानाला लावून ठेवा. पुढच्या तपासणीला निरीक्षक बदललेले असतात आणि ते सगळ्यांत आधी तेच पान उघडतात.